खारपाणपट्ट्यातील पुलाचे काँक्रीट: एक्सआरडीत एट्रिंगाइट का सापडत नाही?

पूर्णाकाठ (प्रश्न)

सप्रेम नमस्कार. मी अकोला जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. गावाबाहेर नाल्यावर पंचवीसएक वर्षांपूर्वी बांधलेला एक लहान पूल आहे. परिसर खारपाणपट्ट्यातला असल्यामुळे विहिरीच्या पाण्यात डाळ धड शिजत नाही आणि घराच्या जोत्याला खार फुटणे ही कोणाला मुद्दाम सांगण्यासारखी गोष्ट राहिलेली नाही. परंतु या पुलाच्या बाजूभिंतींचे काँक्रीट जमिनीपासून साधारण दोन फुटांच्या पट्ट्यात ज्या रीतीने सुटत चालले आहे, ते पाहून एम.एस्सी.च्या दोन विद्यार्थ्यांनी त्यावर प्रकल्प करण्याचे ठरवले. मातीत गाडलेला भाग त्यामानाने टणक आहे, पट्ट्याच्या वरचा भागही ठीक आहे. मधल्या भागात मात्र बोट फिरवले तरी रेती गळते आणि गिट्टी उघडी पडली आहे.

गेल्या मे महिन्यात विद्यार्थ्यांनी छिन्नी-हातोड्याने त्या पट्ट्यातले तुकडे काढले, ते आमच्या ओव्हनमध्ये १०५ अंश सेल्सिअसला रात्रभर वाळवले, खलात दळले आणि पूड एका विद्यापीठाच्या उपकरण केंद्राकडे पाठवली. एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरणांच्या विवर्तनावरून स्फटिक ओळखणाऱ्या चाचणीच्या, अहवालात प्लॅजिओक्लेज व ऑजाइट (दोन्ही काळ्या पाषाणातील खनिजे), क्वार्ट्झ, कॅल्साइट आणि थोडे बॅसनाइट एवढेच आले. आम्ही ज्याची वाट पाहत होतो ते एट्रिंगाइट, म्हणजे सल्फेट क्षारांचा सिमेंटवर मारा झाला की तयार होणारे सुईसारखे स्फटिक, कुठेच नाही. गंमत अशी की त्याच तुकड्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील छायाचित्रांत पोकळ्यांमध्ये सुयांचे झुपके स्पष्ट दिसतात. त्या दिवशी मूलद्रव्यांचे विश्लेषण करणारा शोधक बंद असल्याने केवळ छायाचित्रे मिळाली.

सुया एट्रिंगाइटच्या असतील तर विवर्तनात त्याची रेषा का येत नाही? आणि बॅसनाइट, म्हणजे आपले प्लास्टर ऑफ पॅरिस, पुलाच्या भिंतीत आले कुठून? आमच्या हातून पद्धतीत काय चुकले हे जाणकारांनी सांगितल्यास विद्यार्थ्यांचे वर्ष वाया जाणार नाही.

पातळछेद

सर, आपला नमुना उपकरणापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बदललेला होता, आणि तो आपल्याच ओव्हनमध्ये बदलला. १०५ अंशांना रात्रभर वाळवणे ही माती आणि रेतीच्या चाचण्यांतून आपल्या हाताला लागलेली सवय आहे. ओलावा मोजण्यासाठी ती योग्य आहे, पण ज्या स्फटिकांचा सांगाडाच पाण्यावर उभा आहे त्यांच्यासाठी ती घातक ठरते. एट्रिंगाइटच्या एका सूत्रात कॅल्शियमचे सहा, ॲल्युमिनियमचे दोन आणि सल्फेटचे तीन भाग असतात, आणि त्यांच्या जोडीला पाण्याचे तब्बल ३२ रेणू धरले जातात. त्यातील बरेचसे पाणी ७० अंशांच्या वर जाऊ लागते आणि पाणी गेले की स्फटिकाची जाळी कोसळते. बाहेरून सुईचा आकार तसाच राहतो, आत मात्र नियमित रचना उरत नाही. विवर्तनाला नियमित रचना लागते, छायाचित्राला केवळ आकार पुरतो. म्हणून सुया दिसतात आणि रेषा दिसत नाही, हे शक्य आहे.

बॅसनाइटचे उत्तरही तेथेच आहे. जिप्सममध्ये पाण्याचे दोन रेणू असतात आणि ओव्हनमध्ये त्यातील दीड उडून जातो. आपल्या अहवालातील बॅसनाइट हे बहुधा मूळचे जिप्सम आहे. मात्र येथे आणखी एक शक्यता डोक्यात ठेवावी लागेल. एट्रिंगाइटला हवेतील कार्बन डायऑक्साइड लागला तर त्याचे जिप्सम, कॅल्साइट आणि ॲल्युमिनाचा जेल असे विघटन होते. पंचवीस वर्षे उघड्यावर असलेल्या पृष्ठभागावरून खरवडलेल्या पुडीत जिप्सम सापडले, म्हणजे ते थेट सल्फेटच्या माऱ्याने तयार झाले असेच म्हणता येत नाही. ते आधीच्या एट्रिंगाइटचे अवशेषही असू शकते.

पुढच्या वेळी असे करून पाहावे. तुकडा काढल्याबरोबर हवाबंद डब्यात ठेवावा. पाणी काढण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये तो बुडवून ठेवावा आणि अल्कोहोल दोन-तीनदा बदलावे. नंतर मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर बंद डेसिकेटरमध्ये तो वाळू द्यावा, म्हणजे सापेक्ष आर्द्रता ३३ टक्क्यांच्या आसपास राहते. सिलिका जेल आणि जोराचा निर्वात पंप दोन्ही टाळावेत, कारण अति कोरड्या हवेतही एट्रिंगाइट मोडते. डेसिकेटरमध्ये सोडा लाइमची वाटी ठेवल्यास कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न सुटतो. दळताना घाई करू नये. खल गरम झाला की जिप्सम तेवढ्यानेही पाणी सोडू लागते. तुकडा कापावा लागला तर पाण्याऐवजी केरोसीन वापरावे, नाहीतर विरघळणारे क्षार करवतीबरोबरच वाहून जातात आणि आपण निर्मळ काँक्रीटचा अभ्यास करत बसतो.

दुसरी अडचण प्रमाणाची आहे. काँक्रीटमध्ये वजनाने तीन चतुर्थांशाच्या आसपास गिट्टी आणि रेतीच असते. सगळा तुकडा दळला की प्लॅजिओक्लेज आणि क्वार्ट्झच्या रेषा बाकी सर्वांना झाकून टाकतात आणि एक-दोन टक्क्यांच्या घटकाची रेषा पार्श्वभूमीत बुडते. आपल्या प्राणिशास्त्र विभागात विच्छेदनाचा सूक्ष्मदर्शक असेलच. त्याखाली तुकडा धरून पोकळीतला पांढरा भाग सुईने वेगळा काढावा. चिमूटभर पूड मिळाली तरी पुरते, आणि त्या चिमटीचा आलेख संपूर्ण तुकड्याच्या आलेखापेक्षा कितीतरी अधिक बोलतो.

आलेख वाचताना आपल्याकडच्या दगडाची एक खोड ध्यानात ठेवावी. तांब्याच्या क्ष-किरणांवर एट्रिंगाइटची पहिली रेषा ९.१ अंशांच्या (हे अंश विवर्तनाच्या कोनाचे) आसपास येते, जिप्समची ११.६ ला आणि बॅसनाइटची १४.७ ला. मोनोसल्फेट या सिमेंटमधल्याच, कमी सल्फेटच्या संयुगाची ९.९ ला येते, आणि तेथेच, म्हणजे ९.८ ते ९.९ च्या दरम्यान, ह्यूलँडाइट आणि स्टिल्बाइट या झिओलाइट खनिजांचीही ठळक रेषा असते. आपला काळा पाषाण झिओलाइटने भरलेला असतो. परदेशातील शोधनिबंध समोर ठेवून तुलना करणाऱ्या विद्यार्थ्याला ती रेषा सिमेंटची वाटते, आणि ती निघते गिट्टीची. सुयांच्या बाबतीतही हाच धोका आहे. स्कोलेसाइट आणि मेसोलाइट हे झिओलाइट सुईसारखेच वाढतात. मूलद्रव्यांचे विश्लेषण होईपर्यंत त्या सुयांना एट्रिंगाइट म्हणू नये. गंधक आणि ॲल्युमिनियम यांचे अणुप्रमाण दीडाच्या जवळ आले तर एट्रिंगाइट, अर्ध्याच्या जवळ आले तर मोनोसल्फेट, आणि गंधक मुळीच नसून सिलिकॉन भरपूर असेल तर ती गिट्टीतली सुई समजावी.

जाता जाता: एट्रिंगाइट हे नाव जर्मनीतील आयफेल भागातल्या एट्रिंगेन गावावरून १८७४ मध्ये पडले, आणि तेथेही ते ज्वालामुखीच्या खडकातच सापडले होते. दख्खनच्या पाषाणावर राहणाऱ्यांना हे नाते विशेष वाटायला हरकत नाही.

पाटकरी

वरील विवेचन उत्तम आहे. मी पाटबंधाऱ्यांच्या कामावर हयात घालवलेला माणूस असल्याने केवळ साइटवरचे बोलतो. सर, आपण वर्णन केलेला दोन फुटांचा पट्टा हाच माझ्या मते खरा पुरावा आहे, आणि तो आपण प्रश्नात दोन वाक्यांत संपवलात. सल्फेटचा मारा केवळ रासायनिक असता तर मातीत गाडलेला, सतत ओला राहणारा भाग आधी बिघडला असता. बिघाड जमिनीच्या वर, जेथे पाणी केशाकर्षणाने चढते आणि उन्हाने उडून जाते, नेमका तेथे आहे. पाणी उडते, क्षार मागे राहतो. ज्या घरांच्या भिंती जोत्यापासून हातभर उंचीवर खाल्ल्या जातात, तेथेही हेच घडते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तडे जाळीसारखे आहेत की केवळ कण सुटत आहेत? काम उन्हाळ्यात झाले होते काय? आणि पाण्याचा सल्फेटचा आकडा किती? शेवटच्या आकड्याबाबत एक सावधगिरी: पाण्याच्या अहवालात सल्फेट एसओ४ म्हणून देतात, तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकातील, सल्फेटच्या तीव्रतेचे वर्ग ठरवणारे कोष्टक एसओ३ मध्ये आहे. पहिल्या आकड्याला ०.८३ ने गुणल्याशिवाय कोष्टकाकडे पाहू नये. भूजलात एसओ३ लिटरला ०.३ ग्रॅमच्या खाली असेल तर पहिला वर्ग, ०.३ ते १.२ असेल तर दुसरा. हा गुणाकार न करता वर्ग ठरवलेले कागद मी अनेकदा परत पाठवलेले आहेत.

उन्हाळ्याचा प्रश्न अशासाठी विचारला की मे महिन्यात तापलेल्या गिट्टीने, भर दुपारी, जाड भिंत एका दमात ओतली तर आतले तापमान ७० अंशांच्या वर जाऊ शकते. तसे झाल्यास सुरुवातीचे एट्रिंगाइट तयारच होत नाही, किंवा झालेले टिकत नाही, आणि कित्येक महिन्यांनी ओलावा मिळाल्यावर ते टणक झालेल्या काँक्रीटच्या आत नव्याने वाढू लागते. त्यात बाहेरचे सल्फेट लागत नाही.

पूर्णाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण पातळछेद मॅडमनी सांगितल्याप्रमाणे नवे नमुने काढायचे होते. पाटकरी साहेबांच्या प्रश्नांची उत्तरे आधी देतो. पट्ट्यात जाळीदार तडे नाहीत, कण आणि पापुद्रे सुटतात. कामाच्या महिन्याची नोंद मिळाली नाही. भिंतीची जाडी मात्र दीड फुटाच्या आतच आहे. शेजारच्या विहिरीच्या पाण्यातील सल्फेट आम्ही बेरियम क्लोराइडने अवक्षेपित करून तोलले. गुणाकार करून एसओ३ लिटरला ०.७ ग्रॅमच्या आसपास येते.

आता एक गोष्ट जी आमच्या ध्यानातच आली नव्हती. आधीचे नमुने मे महिन्याच्या दुपारचे होते. या वेळी विद्यार्थी जानेवारीत पहाटे सहाला गेले. थंडी कडाक्याची होती, आणि त्या पट्ट्यावर काचेसारखे पारदर्शक, खडीसाखरेच्या कणांसारखे स्फटिक उगवलेले दिसले. त्यांनी ते वॉच ग्लासवर घेऊन प्रयोगशाळेत आणले. अकरा वाजेपर्यंत त्या स्फटिकांचे पांढरे, कोरडे पीठ झाले होते. कोणी हात लावला नव्हता, कशात मिसळले नव्हते. मुलांनी दर पंधरा मिनिटांनी छायाचित्रे काढून ठेवली आहेत. ते पीठ पाण्यात पूर्ण विरघळले, ज्योत पिवळी झाली, बेरियम क्लोराइडने आम्लात न विरघळणारा दाट पांढरा साका आला, आणि आम्ल टाकल्यावर फेस आला नाही. म्हणजे सोडियम सल्फेट, असे आम्ही धरून चाललो आहोत.

आणखी एक शंका आहे. वरच्या चांगल्या भागातील एका तुकड्यात एका गिट्टीभोवती गडद कडा दिसते आणि तिच्या तड्यात पांढरट थर आहे. सिमेंटमधील अल्कली आणि गिट्टीतील सिलिका यांच्यात होऊन काँक्रीटला तडे पाडणारी अल्कली-सिलिका अभिक्रिया ती हीच काय?

पातळछेद

सर, वॉच ग्लासवर आपण जे पाहिले ते मिराबिलाइटचे थेनार्डाइट होणे होय. पहिल्यात सोडियम सल्फेटबरोबर पाण्याचे दहा रेणू असतात, दुसऱ्यात एकही नसतो, आणि संपृक्त द्रावणात या दोघांमधली सीमा ३२.४ अंशांवर आहे. हवा कोरडी असेल तर त्याहून कमी तापमानालाही मिराबिलाइट पाणी सोडून देते, म्हणून आपल्या टेबलावर त्याचे पीठ झाले. तेवढ्याच सोडियम सल्फेटचे आकारमान मिराबिलाइट होताना चौपटीहून थोडे अधिक होते. विद्राव्यतेचा उतारही तसाच तीव्र आहे: १०० ग्रॅम पाण्यात ३२ अंशांच्या सुमारास जवळपास ५० ग्रॅम सोडियम सल्फेट राहते, १० अंशांना जेमतेम ९ ग्रॅम. आता विदर्भातील हिवाळ्याचा एक दिवस डोळ्यांसमोर आणावा. दुपारी उन्हात भिंतीचा पृष्ठभाग सीमेपलीकडे तापतो आणि छिद्रांत थेनार्डाइट साचते. रात्री दव पडते, थेनार्डाइट त्यात विरघळते, आणि ते द्रावण मिराबिलाइटच्या दृष्टीने एकदम अतिसंपृक्त होते. काँक्रीटच्या छिद्रात दाब निर्माण होतो तो या अतिसंपृक्ततेतून, आणि हे चक्र हंगामात एकदा नाही, अनेक रात्री चालते.

म्हणून आपल्या मूळ प्रश्नाला मी आता वेगळे उत्तर देईन. एट्रिंगाइट सापडले असते तरी त्याने फार काही सिद्ध झाले नसते. जुन्या, ओलसर काँक्रीटच्या पोकळ्यांत एट्रिंगाइटच्या सुया जवळपास नेहमीच सापडतात. मोकळ्या जागेत ते निवांत वाढते आणि कोणाला ढकलत नाही. ते गिट्टीभोवतीच्या सलग फटीत दाटीने भरलेले असेल, किंवा सिमेंटच्या लगद्यात बारीक पसरलेले असून सभोवती तडे असतील, तर त्याला जबाबदार धरता येते. ही जागा पुडीत कळत नाही, पातळ छेदातच, म्हणजे काँक्रीटची प्रकाश आरपार जाईल इतकी पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच, कळते. मला पुडीचा अहवाल पाठवून निदान मागणाऱ्यांना मी हेच उत्तर देते आणि ते बहुतेकांना आवडत नाही.

गारगोटी

गिट्टीभोवतीच्या गडद कडेबद्दल लिहितो, कारण माझे काम त्यावरच आहे. कडा दिसली म्हणजे अभिक्रिया झाली असे नाही. बेसाल्टच्या गोट्याला हवामानाने आलेली कडा खाणीतूनच आलेली असू शकते. फरक ओळखण्याची सोपी खूण अशी की फुटलेल्या, धारदार बाजूनेही कडा असेल तर ती काँक्रीटमध्ये तयार झाली. केवळ गोलाईच्या बाजूने असेल तर ती आधीची.

अल्कली-सिलिका अभिक्रिया प्रथम १९४० मध्ये कॅलिफोर्नियात थॉमस स्टँटन यांनी दाखवून दिली, आणि तेव्हापासून तिच्या उत्पादनाला आपण सरसकट जेल म्हणत आलो. प्रत्यक्षात सिमेंटच्या लगद्यात उतरलेला भाग बहुतांशी अस्फटिकी असतो, पण गिट्टीच्या तड्यांच्या आत राहिलेला भाग अनेकदा स्फटिकी निघतो. स्वित्झर्लंडमधील प्रयोगशाळांनी सिलिका, चुना आणि पोटॅशियम-सोडियमची हायड्रॉक्साइडे एकत्र ठेवून ही उत्पादने कृत्रिमरीत्या तयार केली. ८० अंशांना त्यांना श्लायकोवाइट नावाच्या थराथरांच्या पोटॅशियम-कॅल्शियम सिलिकेटसारखा स्फटिक मिळाला, तर ४० अंशांना मिळालेले उत्पादन अतिसूक्ष्म स्फटिकांचे होते. श्लायकोवाइट हे निसर्गातही आढळणारे खनिज असून ते रशियाच्या कोला द्वीपकल्पातील खिबिनी पर्वतात सापडले. याचा व्यावहारिक अर्थ असा की ८० अंशांच्या जलद मॉर्टर-बार चाचणीत (गिट्टीचा चुरा घातलेल्या सिमेंटच्या पट्ट्या अल्कलीत ठेवून त्यांचे प्रसरण मोजतात) जे तयार होते, तेच आपल्या नाल्यावरच्या पुलात तयार होत असेल असे गृहीत धरता येत नाही. त्या चाचणीत १४ दिवसांत ०.१० टक्क्याच्या आत प्रसरण झाले तर गिट्टी निर्धोक आणि ०.२० च्या वर गेले तर घातक मानतात. हा गिट्टीबद्दलचा इशारा आहे, उभ्या पुलाचे निदान नाही.

श्लायकोवाइटची पहिली रेषा ६.६ अंशांच्या आसपास येते, आणि मॅडमनी झिओलाइटबद्दल सांगितले तोच घोटाळा येथे स्मेक्टाइटमुळे होतो. बेसाल्टमधील काच कुजून झालेल्या या मातीची रेषा ६ अंशांच्या सुमारास असते, आणि दोन्ही रेषा रुंद असल्या की एकमेकींत मिसळतात. उपाय साधा आहे. पुडीची पट्टी एथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत रात्रभर ठेवावी आणि पुन्हा आलेख घ्यावा. रेषा सरकून १७ अँगस्ट्रॉमला, म्हणजे ५.२ अंशांच्या आसपास गेली तर ते स्मेक्टाइट. युरेनिल ॲसिटेट लावून अतिनील प्रकाशात पाहण्याची चाचणी पुस्तकांत आढळेल. ते किरणोत्सारी आहे, विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.

आपल्या भागातील गिट्टीत मला चिंता वाटते ती कॅल्सेडनीची, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत बसलेल्या मेणचट, निळसर-पांढऱ्या गारेची. त्या एका गिट्टीत ती दिसते काय ते भिंगाने पाहावे. न दिसल्यास आणि जाळीदार तडे नसल्यास मी या पुलावर अल्कली अभिक्रियेचा संशय घेणार नाही.

पाटकरी

जाडी दीड फुटाच्या आत असेल तर माझा उष्णतेचा संशय मी मागे घेतो. एवढी भिंत आत इतकी तापत नाही.

एक काम विद्यार्थ्यांनी जरूर करावे. ड्रिलने भिंतीत टप्प्याटप्प्याने आत जात दर १० मिलिमीटरची पूड वेगळ्या बाटलीत घ्यावी, पट्ट्यातून एकदा आणि वरच्या चांगल्या भागातून एकदा, आणि प्रत्येक बाटलीतील सल्फेट तोलावे. सिमेंटमध्येच कारखान्यात घातलेल्या जिप्सममुळे एसओ३ अडीच-तीन टक्के असते, त्यामुळे काँक्रीटच्या वजनाच्या ०.४ टक्क्याच्या आसपासचा आकडा हा मूळचाच समजावा. बाहेरून किती आले ते त्याच्या वरच्या आकड्यातून कळेल, आणि कितव्या मिलिमीटरला तो आकडा खाली येतो त्यावरून किती खरवडून काढावे लागेल तेही ठरेल.

पूर्णाकाठ

ड्रिल गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून रविवारी मिळत आहे. त्या गिट्टीत कॅल्सेडनी नाही; कडा केवळ गोलाईच्या बाजूने आहे आणि तड्यातील पांढऱ्या थरावर आम्ल टाकल्यावर फेस आला, म्हणजे तो कार्बोनेटचा असावा. मिराबिलाइटचे स्फटिक उपकरण केंद्रापर्यंत तसेच कसे न्यावेत, एवढे मॅडमनी सांगावे, कारण बसने चार तास लागतात.

पातळछेद

स्फटिक लहान बाटलीत गच्च भरावेत, म्हणजे वर मोकळी हवा राहणार नाही. थेंबभर त्यांचेच संपृक्त द्रावण टाकावे, झाकणावर मेण लावावे आणि बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवावी. पहाटेच्या बसने निघावे. केंद्रातील तंत्रज्ञाला आदल्या दिवशी फोन करून नमुना आल्याबरोबर लावण्याची विनंती करावी आणि पहिला आलेख पाच मिनिटांचाच घ्यावा. तास-दोन तासांच्या आलेखात स्फटिक उपकरणातच पाणी सोडेल आणि अहवालात पुन्हा थेनार्डाइटच येईल.